उमेदवारीचे वतन

निवडणूक जाहीर झाली, उमेदवारांच्या याद्या बाहेर पडल्या आणि त्या याद्यांत तीच ती आडनावे पुन्हा वाचावयास मिळाली, की जी कुरबूर सुरू होते, तिला उत्तर देताना एरवी एकमेकांचे तोंडही न पाहणारे सर्व पक्षांचे प्रवक्ते एकच कैफियत एकमुखाने मांडतात. पुढाऱ्याच्या पोटी जन्म घेणे हा काही गुन्हा नव्हे. डॉक्टराचा मुलगा डॉक्टर होतो, वकिलाचा वकील होतो, मग आमदाराच्या मुलानेच काय पाप केले आहे. शिवाय निवडून देणारा अखेर मतदार आहे, त्याला नको असेल तर तो पाडील, तेव्हा त्याच्या कौलाविषयी बाहेरच्यांनी शंका घेणे हा लोकशाहीचाच अधिक्षेप होय. ही कैफियत इतकी सुबक आहे की ती ऐकून चांगले विचारी लोकही निरुत्तर होतात. माझ्या मते ती अंतर्बाह्य पोकळ आहे, आणि ती वर्षानुवर्षे अनुत्तरित राहिल्यामुळेच तिला सिद्धांताची प्रतिष्ठा प्राप्त झाली आहे.

डॉक्टराच्या मुलाचा दाखला आधी निकालात काढू, कारण तो सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत दुबळा आहे. डॉक्टराच्या मुलाला घरातल्या ग्रंथांचा, ओळखींचा आणि आयत्या दवाखान्याचा लाभ होतो हे खरे. परंतु त्याला प्रवेशपरीक्षेस बसावे लागते, तिची प्रश्नपत्रिका त्याचे तीर्थरूप काढीत नाहीत, उत्तरपत्रिका त्याचे मामा तपाशीत नाहीत, आणि तो नापास झाला तर घराण्याची दोन पिढ्यांची रुग्णसेवा ध्यानात घेऊन कोणी त्याला वैद्यकीची सनद बहाल करीत नाही. उमेदवारीच्या बाबतीत मात्र नाव ठरविणाऱ्या मंडळात एक तर वडील स्वतः बसलेले असतात, नाही तर त्यांच्या उपकारांखाली वाकलेले स्नेही बसलेले असतात, आणि परीक्षाच नसल्यामुळे उत्तीर्ण कोण व अनुत्तीर्ण कोण हा प्रश्न उद्भवत नाही. ज्या महाराष्ट्राने 1962 च्या कायद्याने मुलकी पाटलांची वंशपरंपरा मोडून काढली, त्याआधी कुलकर्णी वतने मोडली, महार वतनेही मोडली, आणि ज्या मुंबई कायदेमंडळात डॉ. आंबेडकरांनी 1928 सालीच वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले होते, त्या महाराष्ट्राला ही गोष्ट समजावून सांगावी लागावी याचेच नवल वाटते. आज एखाद्या खेड्यात पोलीस पाटलाची जागा रिकामी झाली, तर प्रांतांच्या कचेरीतून जाहीरनामा निघतो, लेखी परीक्षा होते, तोंडी परीक्षा होते, गुणांची यादी फलकावर लागते, आणि ज्याला अन्याय झाला असे वाटेल त्याला दाद मागण्याची सोय असते. गावात भांडण झाल्याची खबर ठाण्यावर देणाऱ्या माणसाची निवड आपण इतक्या कसोशीने करतो. सरासरीने तीन लाखांहून अधिक मतदारांच्या वतीने कायदे करणाऱ्या माणसाचे नाव मात्र कोणत्या निकषाने पुढे आले, हे त्याच्या पक्षाच्या तालुकाध्यक्षालाही वर्तमानपत्रातूनच कळते.

आता मतदाराच्या कौलाविषयी. मतदार सार्वभौम आहे, परंतु त्याच्यापुढे जी नावे ठेवली गेली त्यांच्यापुरताच तो सार्वभौम आहे. बारामतीत 2024 च्या उन्हाळ्यात लोकसभेसाठी सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार, म्हणजे नणंद आणि भावजय, समोरासमोर उभ्या राहिल्या, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभेसाठी अजित पवार आणि युगेंद्र पवार हे काका-पुतणे उभे राहिले. तेथील मतदाराने या प्रमुख नावांपैकी कोणत्याही नावापुढचे बटण दाबले तरी जागा एकाच घरात राहणार होती. त्याच वर्षी राण्यांच्या घरातून वडील लोकसभेत गेले, एक चिरंजीव भारतीय जनता पक्षाच्या व दुसरे शिवसेनेच्या चिन्हावर विधानसभेत गेले. दानव्यांचे चिरंजीव भोकरदनहून एका पक्षाचे आणि कन्या कन्नडहून दुसऱ्या पक्षाची आमदार झाली. भोकरला शंकरराव चव्हाणांची नात, म्हणजे एकाच घराची तिसरी पिढी, निवडून आली. यांपैकी कोणाच्याही अंगी गुण नाहीत असे माझे म्हणणे नाही. गुण असतीलही, पण ते आहेत की नाहीत हे तपासून पाहण्याची एकही जागा त्यांच्या वाटेवर नव्हती, एवढेच मी म्हणतो.

यावर प्रतिपक्ष 2024 च्याच निकालातली दुसरी यादी पुढे करतो. संगमनेरला बाळासाहेब थोरात पडले, दक्षिण कराडला पृथ्वीराज चव्हाण पडले, लातूर ग्रामीणला धीरज देशमुख पडले. मतदार घराणी पाहत नाही याचा आणखी कोणता पुरावा हवा, असा सवाल केला जातो. पुरावा आहे, पण तो भलत्याच गोष्टीचा आहे. पराभवाने मतदार उमेदवाराविषयी बोलतो, उमेदवारी कोणी, कोठे, कोणाला विचारून दिली याविषयी त्याला बोलताच येत नाही, कारण तो प्रश्न त्याला कोणी विचारलेलाच नसतो. आणि ज्याला विचारावयास हवा होता, तो पक्षाचा कार्यकर्ता, वीस-वीस वर्षे सभेच्या सतरंज्या उचलून, मतदारयाद्यांची पाने घासून, अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत एबी फॉर्म कोणाच्या हाती पडतो याची वाट निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कचेरीबाहेर उभा राहून पाहत असतो. तो फॉर्म ज्याला मिळाला त्याच्या नामनिर्देशनपत्रावर एका सूचकाची सही पुरते; ज्याला मिळाला नाही त्याने अपक्ष उभे राहावयाचे म्हटले, तर कायदा त्याच्याकडे दहा सूचक मागतो, आणि चिन्ह म्हणून उरल्यासुरल्यांतून एखादी शिट्टी किंवा प्रेशर कुकर त्याच्या पदरात टाकतो. मतदान केंद्राचे दार उघडण्यापूर्वीच निम्मी निवडणूक उरकलेली असते, ती अशी.

पक्षनेतृत्वाला कोंडीत पकडले, म्हणजे ते न्यायाची भाषा सोडून व्यवहाराची भाषा बोलू लागते, आणि 'इलेक्टिव्ह मेरिट' हा ठेवणीतला शब्द बाहेर येतो. आम्हाला जागा जिंकावयाच्या आहेत, जो जिंकू शकेल त्याला उमेदवारी, यात पक्षपात तो कसला? येथे जरा थांबून ही जिंकण्याची क्षमता म्हणजे वस्तुतः काय ते पाहिले पाहिजे. ज्या तालुक्यात साखर कारखान्याचे चेअरमन आणि आमदार एकाच वाड्यात राहतात, तेथील दोन एकर उसाच्या धन्याची फेब्रुवारी-मार्चमधली अवस्था डोळ्यांपुढे आणावी. उसाला तुरा येऊन गेला आहे, पाण्याची पाळी लांबली आहे, वजन दिवसागणिक घटते आहे, आणि त्याच्या लावणीची तारीख कारखान्याच्या शेतकी खात्याच्या दफ्तरात बंदिस्त आहे. चिटबॉय बांधावर येऊन तोडणीची चिठ्ठी देईल तेव्हा मुकादम टोळी त्याच्या फडात घालील. चिठ्ठी आठ दिवस पुढे ढकलली गेली तर तक्रार करण्यास जागा नाही, कारण ती ढकलण्याची शंभर कायदेशीर कारणे असतात. हा मनुष्य कागदोपत्री कारखान्याचा सभासद आहे, म्हणजे मालक आहे. त्याला पीककर्ज देणारी विकास सोसायटी ज्या जिल्हा बँकेकडून पैसा घेते तिच्या संचालक मंडळावर त्याच वाड्यातले कोणी तरी असते. त्याची सून ज्या शाळेत शिक्षिका आहे तिची संस्थाही त्यांचीच असते, आणि त्या संस्थेतील कर्मचारी प्रचाराच्या पंधरवड्यात रजा काढून कोठे जातात हे साऱ्या गावाला ठाऊक असते. या माणसाच्या मताला क्षमतेचे प्रमाणपत्र समजणे, आणि ते प्रमाणपत्र दाखवून पुन्हा त्याच वाड्यास उमेदवारी देणे, याला निवड म्हणत नाहीत. सहकाराच्या, म्हणजे सार्वजनिक भांडवलाच्या बळावर जमलेली ताकद आधी खाजगी करून घ्यावयाची आणि मग तिलाच गुणवत्ता म्हणावयाचे, अशी ही रीत आहे.

राहिला प्रश्न खर्चाचा. विधानसभेच्या उमेदवारास कायद्याने 40 लाख रुपयांची मर्यादा घातली आहे. शासकीय विश्रामगृहाच्या दालनात इच्छुकांच्या मुलाखती घेणारे पक्षनिरीक्षक मात्र समाजकार्याच्या जाडजूड फायली चाळून बाजूला सारतात आणि आवाज खाली आणून, किती लावणार, असे विचारतात. त्यावर एखाद्या भाबड्या इच्छुकाने कायद्यातला आकडा सांगितला, तर त्याच्या मुलाखतीला फार वेळ लागत नाही.

तथापि सारा दोष धनावर टाकून मोकळे होणेही बरोबर नाही, कारण जेथे कारखाने नव्हते, बँका नव्हत्या, तेथेही हेच घडले आहे. तासगाव तालुक्यातील अंजनीचे आर. आर. ऊर्फ आबा पाटील 'कमवा आणि शिका' योजनेत राबून शिकले, जिल्हा परिषदेतून वर आले, 1990 साली आमदार झाले, पुढे गृहमंत्री आणि उपमुख्यमंत्री झाले. सामान्य घरातला मनुष्य कोठवर जाऊ शकतो याचे उदाहरण म्हणून आबांचे नाव सगळेच घेतात. फेब्रुवारी 2015 मध्ये त्यांचे अकाली निधन झाल्यावर त्यांच्या पत्नी सुमनताई त्या जागेवरून निवडून गेल्या, 2019 साली पुन्हा गेल्या, आणि 2024 साली चिरंजीव रोहित पाटील तेथून आमदार झाले. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा विधानसभेत गेले, तेही शेतकरी कामगार पक्षासारख्या मार्क्सवादाचा वारसा सांगणाऱ्या पक्षाकडून. 2019 साली ते थांबले तेव्हा उमेदवार म्हणून नातू पुढे आला आणि थोडक्यात पडला, 2024 साली दुसरा नातू उभा राहिला आणि निवडून आला. या दोन्ही घरांविषयी मला आदर आहे. परंतु आबांनी तीस-पस्तीस वर्षांत घडविलेल्या शेकडो कार्यकर्त्यांमध्ये, गणपतरावांनी अर्धशतकभर ज्यांना राजकारणाचे धडे दिले त्या सांगोल्याच्या शेतकऱ्यांमध्ये, वारस व्हावयास लायक असा एकही मनुष्य नव्हता काय? असावा. तो कसा शोधावयाचा याची रीत मात्र पक्षापाशी नव्हती. कार्यकर्त्याची नोंदवही नाही, त्याच्या कामाचा लेखाजोखा नाही, त्याच्याविषयी गावोगावच्या सदस्यांना विचारण्याचा प्रघात नाही. अशा स्थितीत चार गटांनी आपसांत भांडून फुटण्यापेक्षा दिवंगताचे आडनाव पुढे करणे सर्वांनाच सोयीचे पडते. घराणेशाही ही घराण्यांच्या हावरेपणातून जितकी जन्मास येते, त्याहून अधिक ती पक्षांच्या या आळसातून येते. म्हणून वारसांना शिव्या देण्यात मला स्वारस्य नाही. माझे भांडण पक्षांशी आहे.

आणि पक्षांना तत्त्व ठाऊक नाही असेही नाही. 2022 साली गोव्यात मनोहर पर्रीकरांचे चिरंजीव उत्पल यांनी पणजीची उमेदवारी मागितली, तेव्हा केवळ पर्रीकरांचा मुलगा म्हणून ती देता येत नाही, असे त्यांच्या पक्षाने सांगितले. उत्तर निरपवाद बरोबर होते. फक्त त्याच पक्षाच्या त्याच यादीत विश्वजित राणे आणि त्यांच्या पत्नी, बाबुश मोन्सेरात आणि त्यांच्या पत्नी अशा जोड्या सुखाने नांदत होत्या. काँग्रेसच्या यादीत मायकल लोबो सपत्नीक होते. निकाल लागला तेव्हा चाळीस सदस्यांच्या त्या सभागृहात तीन दांपत्ये बसली. तत्त्व नको असलेल्या माणसापुरते वापरावयाचे आणि हव्या असलेल्या माणसाच्या वेळी घडी घालून ठेवावयाचे, याचा इतका स्वच्छ नमुना क्वचित मिळतो.

उमेदवार सदस्यांच्या मतदानाने ठरवावा असे कोणी सुचविले, तर ही अमेरिकेची नक्कल आहे, आपल्या मातीत ती रुजणार नाही, असे म्हणून सूचना झटकून टाकण्याची पद्धत आहे. असे म्हणणाऱ्यांनी पुण्याच्या येरवडा तुरुंगात 24 सप्टेंबर 1932 रोजी झालेला करार एकदा वाचावा. राखीव जागांसाठी संयुक्त मतदारसंघ मान्य करताना त्या करारात अशी तजवीज केली होती की, प्रत्येक राखीव जागेसाठी आधी केवळ अस्पृश्य मतदारांनी चार नावांची निवड करावी आणि मग त्या चारांतून सर्व मतदारांनी एकाला निवडावे. ही प्राथमिक निवडणूक जास्तीत जास्त दहा वर्षांपुरती होती, तिच्यात उणिवा होत्या, आणि पुढे राज्यघटनेत ती आली नाही. परंतु उमेदवार कोण असावा हे ठरविण्याचा हक्क, निवडून कोण यावा हे ठरविण्याच्या हक्काइतकाच मोलाचा आहे, ही जाणीव तिच्या मुळाशी होती. आज महाराष्ट्र विधानसभेच्या 288 जागांपैकी अनुसूचित जातींसाठी 29 आणि जमातींसाठी 25 राखीव आहेत, आणि त्या चौपन्न जागांवर उभे कोण राहणार हे त्या समाजांतील मतदारांखेरीज बाकी सर्वजण ठरवितात. स्त्रियांचीही कथा निराळी नाही. 2024 साली 288 मध्ये अवघ्या 21 स्त्रिया निवडून आल्या. त्यांतल्या विरोधी बाकांवरच्या एकमेव आमदार ज्या धारावीहून आल्या, ती राखीव जागा त्यांच्या भगिनी लोकसभेत गेल्यामुळे मोकळी झाली होती आणि एके काळी त्यांच्या वडिलांची होती. एकतृतीयांश जागा स्त्रियांना देणारी घटनादुरुस्ती 2023 साली संमत झाली आहे. ती अमलात येईल तेव्हा उमेदवारीची रीत आजचीच राहिली, तर जिल्हा परिषदांत आपण जे पाहिले तेच मोठ्या प्रमाणावर पाहू, आणि ज्या वाड्यांत आज एक उमेदवारी जाते तेथे दोन जातील.

प्राथमिक मतदानाने सर्व रोग बरे होतात असा माझा दावा नाही. 2014 च्या लोकसभेपूर्वी काँग्रेसने देशातील मोजक्या मतदारसंघांत हा प्रयोग केला, त्यांत आपल्याकडचे वर्धा आणि लातूर होते. वर्ध्यास सामना झाला तो दत्ता मेघे यांचे चिरंजीव आणि प्रभा राव यांच्या कन्या यांच्यात. चिरंजीव जिंकले आणि पुढे लोकसभेला पडले. प्रयोग फसला असे तेव्हा म्हटले गेले आणि पेटी बंद झाली. पण त्या मतदानाचा हक्क पक्षाचे पदाधिकारी आणि निवडून आलेले प्रतिनिधी यांनाच होता, म्हणजे ज्यांना पुढाऱ्यांनी पदांवर बसविले त्यांनी पुढाऱ्यांच्या मुलांमधून एक निवडला. याने मतदारयादी कशी असू नये हे सिद्ध होते. मतदान असू नये हे सिद्ध होत नाही. सदस्यांची यादी निवडणुकीपूर्वी किमान दोन वर्षे बंद झालेली असावी, ती प्रत्येक सदस्याला पाहता यावी, मतदान गुप्त असावे आणि मोजणी इच्छुकांच्या समक्ष व्हावी. वारसालाही उभे राहू द्यावे, पण त्याने ही मोजणी पार करून यावे.

पक्ष ही खाजगी संस्था आहे, तिच्या घरात डोकावण्याचा अधिकार सरकारला नाही, हा शेवटचा बालेकिल्ला. जी संस्था प्राप्तिकरातून सूट घेते, राखीव चिन्ह घेते, मतदारयाद्यांच्या प्रती फुकट घेते, आकाशवाणी-दूरदर्शनवर फुकट वेळ घेते, आणि 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे व्हिप मोडणाऱ्या आमदाराची आमदारकी काढून घेण्याचे सामर्थ्य बाळगते, ती कोणत्या अर्थाने खाजगी राहिली? जर्मनीच्या घटनेने पक्षांचा अंतर्गत कारभार लोकशाहीला धरून असला पाहिजे असा दंडक घातला आहे, आणि तेथे उमेदवार सदस्यांच्या वा त्यांच्या प्रतिनिधींच्या सभेत गुप्त मतदानाने ठरतात. आपल्याकडे विधी आयोगाने 1999 सालीच आपल्या 170 व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाहीच्या तरतुदी सुचविल्या; त्या अहवालावर तेव्हापासून धूळ साचत आहे, आणि ती झटकण्याचे काम ज्यांच्याकडे आहे त्यांची सोय धुळीतच आहे.

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2020 मध्ये एक पाऊल टाकले. गुन्हेगारी खटले अंगावर असलेल्या व्यक्तीस उमेदवारी दिल्यास ती का दिली याची कारणे पक्षाने प्रसिद्ध केली पाहिजेत, आणि ती कारणे उमेदवाराची पात्रता, कर्तृत्व व गुणवत्ता यांसंबंधी असावीत, निव्वळ जिंकण्याची शक्यता हे कारण चालणार नाही, असे त्या आदेशात बजावले आहे. पुढील वर्षी बिहारच्या निवडणुकीतील कसुरीबद्दल अनेक पक्षांना दंडही झाला. पक्षांनी यावर साचेबंद वाक्यांचा तोडगा काढला हे खरे. तरीही 'इलेक्टिव्ह मेरिट' हे उमेदवारीचे पुरेसे समर्थन होऊ शकत नाही, हे देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने लिहून ठेवले आहे. खटले असलेल्यांना जे लागू आहे ते सर्वांनाच लागू का नसावे? प्रत्येक उमेदवाराच्या नावापुढे निवडीचे कारण, विचारात घेतलेल्या इतर इच्छुकांची नावे, आणि निवड करणाऱ्यांशी त्याचे काही नाते असल्यास ते नाते, एवढे प्रसिद्ध करण्यास संसदेच्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. पक्षाने आपल्या घटनेत एक कलम घातले की पुरते. असे केल्याने बंडखोरी वाढेल, ही भीती तर हास्यास्पद आहे. आजच्या गुप्त मसलतीने एकही बंडखोर थांबलेला नाही. दर निवडणुकीत अर्ज मागे घेण्याच्या मुदतीपर्यंत बंडोबांना थंड करण्यासाठी महामंडळे, समित्या आणि विधान परिषदेची आश्वासने वाटीत नेते मध्यरात्रीपर्यंत फिरत असतात. ज्या पक्षाला एवढेही जड वाटेल, त्याने येत्या निवडणुकीत निदान ज्याचे तिकीट कापले त्या कार्यकर्त्याला नकाराचे कारण पक्षाच्या कागदावर, तारीख आणि सही घालून, लेखी द्यावे.